डब्यातल्या आठ मॅडम

क्रिस सरांच्या टेबलावर बिस्किटांचे दोन निळे गोल डबे होते आणि दोन्हींत बिस्किटं नव्हती. त्यात नवल काहीच नव्हतं. तालाहिबान गावात असल्या डब्यात बिस्किटं सापडली तर माणूस दचकतो. घरोघरी त्यांत सुया-दोरे आणि तुटकी बटणं असतात. सरांच्या डब्यांत चिठ्ठ्या होत्या. एकात दहावीच्या संभाव्यतेच्या सरावासाठी, दुसऱ्यात शिक्षकांच्या मोनितो-मोनितासाठी. दोन्हींत बारा-बारा, एकाच कागदाच्या, एकाच घडीच्या, एकाच सुबक अक्षरातल्या. सर फार व्यवस्थित माणूस होते. पुढचा सगळा घोळ त्या व्यवस्थितपणातूनच झाला.

मोनितो-मोनिता म्हणजे डिसेंबरातला शाळेचा ठरलेला खेळ. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, तीत ज्याचं नाव निघेल त्याच्या टेबलावर दर शुक्रवारी लपूनछपून एक भेट ठेवायची. पहिल्या आठवड्यात काहीतरी गोड, दुसऱ्यात काहीतरी मऊ, तिसऱ्यात काहीतरी लांब. आपल्याला कोण आलंय हे नाताळच्या जेवणापर्यंत कुणापाशी बोलायचं नाही. यंदा मुख्याध्यापिका पर्पेतुआ मॅडमनी हे काम क्रिस सरांवर सोपवलं.

"तुम्ही गणिताचे. चिठ्ठ्यांचं तुम्हीच बघा," मॅडम म्हणाल्या.

मॅडम काही म्हणाल्या की क्रिस सर उठूनच उभे राहत. सहा वर्षं ते हंगामी होते. दर जूनला नवा कागद, दर मार्चला तो संपलेला. येत्या जानेवारीत कायमची एक जागा निघणार होती आणि तिच्यासाठी मॅडमचं शिफारसपत्र लागणार होतं. मॅडमनी अकरा वर्षांत कुणाबद्दल चांगलं लिहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

सरावाच्या डब्याची गंमत वेगळी होती. लाल चेंडू, निळे चेंडू असली उदाहरणं घातली की दहावीचा वर्ग डुलक्या काढायचा. म्हणून सरांनी प्रश्न बदलला: 'गृहपाठ न आणणाऱ्याला कुणासमोर उभं करायचं? चिठ्ठी काढा.' बारांपैकी आठ चिठ्ठ्यांवर पर्पेतुआ मॅडम, तिनांवर कसरतीचे विल्फ्रेदो सर आणि एकीवर दयाळू क्रिस सर. हे ऐकल्यावर शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा ताठ बसली. संभाव्यता म्हणजे काय हे त्यांना पोटातून कळायला लागलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत सर घाईने एक डबा उचलून स्टाफरूममध्ये गेले.

पहिला मान मॅडमचा. त्यांनी चिठ्ठी काढली, उघडली आणि कपाळाला आठी घातली. "माझंच नाव आलं."

"परत टाका, मॅडम. पुन्हा काढा," सर म्हणाले.

मॅडमनी डबा हलवला, पुन्हा काढली. "परत मीच!"

स्टाफरूममध्ये हशा पिकला. क्रिस सरांना मात्र हे फुकट घालवायचं नव्हतं. "मॅडम, तुम्हाला कल्पना आहे का हे किती दुर्मीळ आहे? बारांत एक, पुन्हा बारांत एक. म्हणजे एकशे चव्वेचाळीस वेळा केलं तर कुठे एकदा!"

"असं?" मॅडमचा चेहरा जरा खुलला. तिसऱ्यांदा काढलेली चिठ्ठी वाचून त्यांनी ती मुकाट्याने पर्समध्ये टाकली. मग बाकीच्यांनी काढल्या. क्रिस सरांच्या वाट्याला नेमक्या पर्पेतुआ मॅडम आल्या. त्यांनी मनात म्हटलं, बरंच झालं, जरा चांगली भेट देऊ.

शुक्रवारी सकाळी सर पोल्वोरोन या दूधपिठाच्या मिठाईचा खोका घेऊन मॅडमच्या खोलीत शिरले, तर टेबलावर आधीच सात खोके. दुधाचं फ्लान, केशरी केक, उबे कंदाचा जांभळा हलवा, खोबऱ्याच्या वड्या. सर तिथेच थबकले. यांतला एकही खोका खेळातला नाही, हे त्यांना लगेच कळलं, कारण खेळातला खोका त्यांच्या हातात होता. म्हणजे उरलेले सात निव्वळ लाळघोटेपणाचे!

स्टाफरूममध्ये गृहविज्ञानाच्या लिओनिसा मॅडम स्वतःच्या रिकाम्या टेबलाकडे बघत उभ्या होत्या. "माझ्याकडे तर मुंगीसुद्धा फिरकली नाही! आणि तिकडे आत बघितलंत? सात जणांना लाज म्हणून नाही."

"आठ आहेत ना?" सरांनी विचारलं.

"एक तर खेळातला असणारच की," लिओनिसा मॅडम घाईघाईने म्हणाल्या.

दिवसभर शाळेत हेच चाललं होतं. प्रत्येक जण आठांतून एक वजा करायचा आणि उरलेल्या सातांना शिव्या घालायचा. नऊ जणांची टेबलं रिकामी होती. एकटे विल्फ्रेदो सर तीन-तीन डब्यांतलं गोड खात बसले होते आणि आपण शाळेत एवढे लोकप्रिय कधी झालो याचा विचार करत होते.

तो सबंध आठवडा गणिताचे तास नाताळच्या नाचाच्या तालमीत गेले होते. सोमवारी एकदाचा तास मिळाला. क्रिस सर डबा घेऊन जोशातच वर्गात शिरले.

"मुलांनो, एकशे चव्वेचाळिसांत एकदा घडणारी गोष्ट परवा मी या डोळ्यांनी बघितली!" त्यांनी सगळी हकीकत रंगवून सांगितली. "आता आपण सराव करू. हेर्मिनिया, ये, काढ चिठ्ठी. मॅडम येण्याची संभाव्यता किती?"

"दोन तृतीयांश, सर." पहिल्या बाकावरच्या हेर्मिनियाने चिठ्ठी काढली. "लिओनिसा मॅडम."

"नीट वाच."

"नीटच वाचतेय. लिओनिसा." तिने दुसरी काढली. "ग्रंथपाल सर." तिसरी काढली. "संगीताच्या बाई. सर, यात सगळी शाळाच आहे!"

सरांनी डबा टेबलावर पालथा केला. बारा चिठ्ठ्या, बारा वेगळी नावं.

हेर्मिनिया विचार करत म्हणाली, "सर, मग परवा स्टाफरूममध्ये डबा कुठला होता?"

"खाली बस."

"नाही, म्हणजे मॅडमना त्यांचंच नाव दोनदा आलं ना? मग ते एकशे चव्वेचाळिसांत एकदा नाही. आठ आठे चौसष्ट, म्हणजे चौसष्टदा आहे."

"हेर्मिनिया, खाली बस म्हटलं ना!"

खरं तर सरांनी तसंच मॅडमकडे जाऊन सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण काय सांगणार? गणिताच्या शिक्षकाला दोन डबे मोजता आले नाहीत? तेही संभाव्यतेच्या धड्यात? शिफारसपत्र अजून लिहायचं होतं. सरांनी ठरवलं की गाजावाजा न करता आपणच हे निस्तरायचं. गुरुवारच्या बाजारात जाऊन त्यांनी रिकाम्या टेबलांच्या नऊ जणांसाठी नऊ मऊ हातरुमाल घेतले. दुकानात एकच नमुना शिल्लक होता. त्यावर पिवळं बदक होतं.

शुक्रवारी नऊ टेबलांवर नऊ बदकं अवतरली. मॅडमच्या टेबलावर सहा उश्या, एक कापडी कुत्रा आणि लोकरी सपाता.

"नऊ जणांनी नऊ भेटी दिल्या आणि सगळ्यांना एकच बदक सुचलं?" लिओनिसा मॅडमनी रुमाल चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला. "मला विचाराल तर ही तोंड बंद ठेवायची लाच आहे. आतल्या त्या लाळघोट्यांनी वाटलेली."

"मला का नाही बदक?" विल्फ्रेदो सर तीन उश्या काखेत धरून विचारत होते.

दुपारी मॅडमनी सगळ्यांना बोलावून घेतलं. त्या उश्यांच्या ढिगामागे बसल्या होत्या. नुसता चष्मा आणि वरचा अंबाडा दिसत होता.

"माझ्या टेबलावर सहा उश्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "मला डोकं एकच आहे. वरिष्ठाने भेटी घ्यायच्या नाहीत असा खात्याचा नियम आहे. खेळातली एक घेता येते. ती कुणाची आहे? ज्याला माझं नाव आलं त्याने उभं राहावं. बाकीच्यांनी आपापलं सामान उचलावं."

लिओनिसा मॅडम मान ताठ करून उभ्या राहिल्या. त्याच वेळी ग्रंथपाल सरही उठले.

"तुम्ही बसा," लिओनिसा मॅडम म्हणाल्या.

"मी का बसू? मॅडम मला आल्यात!"

"खोटं बोलताय! मला आल्यात!"

"अहो, दोघं काय भांडताय, मॅडम माझ्याकडे आहेत," विल्फ्रेदो सर उश्या सावरत उठले. मग संगीताच्या बाई उठल्या, मग विज्ञानाचे दोघे, मग कारकून. पर्सा उघडल्या, पाकिटं उघडली, चिठ्ठ्या बाहेर आल्या. सात जण आपापली चिठ्ठी मॅडमच्या नाकासमोर नाचवू लागले. शेवटी कोपऱ्यातून क्रिस सर उभे राहिले. त्यांच्याही हातात चिठ्ठी होती.

मॅडमनी आठही चिठ्ठ्या उशीवर ओळीने मांडल्या. आठही एकाच सुबक अक्षरातल्या.

"क्रिस सर."

"मॅडम, मी डबा चुकलो," सर म्हणाले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. हेर्मिनियासुद्धा वगळली नाही.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे माझं नाव दोनदा येणं हे काही दुर्मीळ वगैरे नव्हतं."

"नाही, मॅडम. तसं साधंच होतं."

"अकरा वर्षं मी या खेळात आहे," मॅडम सावकाश म्हणाल्या. "दर वर्षी मला एक कप मिळतो. ज्याला माझं नाव येतं तो तोंड वाकडं करतो, ते मला दिसतं. घरी अकरा कप आहेत आणि चहा पिणारी मी एकटी. गेल्या शुक्रवारी ते आठ खोके बघितले आणि मी सेबूला बहिणीला फोन केला. म्हटलं, अगं, शाळेतल्या लोकांना मी आवडायला लागलेय बहुतेक."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. क्रिस सरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नोकरी गेली तरी चालेल, पण हा फोन झाला नसता तर, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

"मॅडम, माझी उशी मी परत नेणार नाही," लिओनिसा मॅडम एकदम म्हणाल्या. "ती मी घरी शिवलीय. कापूसही चांगला आहे. खात्याला सांगा, मी विसरून गेले."

"मीही विसरलोय," ग्रंथपाल म्हणाले.

कुणीतरी पुढे केलेल्या रुमालाने मॅडमनी नाक पुसलं, तर त्यावर पिवळं बदक. "आणि ही बदकं? ही कुठल्या डब्यातली?"

"ती माझी, मॅडम," क्रिस सर पुटपुटले. "नऊ जणांना काहीच मिळालं नव्हतं म्हणून..."

मॅडमनी बदकाकडे बघितलं, क्रिस सरांकडे बघितलं, आणि त्या हसायला लागल्या. अकरा वर्षांत त्यांना हसताना कुणी बघितलं नव्हतं. त्या इतक्या हसल्या की वरच्या दोन उश्या खाली पडल्या. पण शिफारसपत्राचं काय, हे विचारायची सरांची छाती झाली नाही.

जानेवारीत जिल्ह्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. जागा एक आणि उमेदवार दोन: क्रिस सर आणि रेनान्ते नावाचा एक तरुण. मॅडमनी पत्र लिहिलं होतं, आणि ते इतकं चांगलं होतं की सरांचे गुण रेनान्तेच्या वर गेले होते. पण रेनान्ते हा शिक्षणाधिकाऱ्यांचा भाचा. त्याचे गुण नाताळच्या सुट्टीत हळूहळू वाढले आणि नेमके सरांच्या बरोबरीला येऊन थांबले.

"समान गुण," शिक्षणाधिकारी हात चोळत म्हणाले. "आता चिठ्ठी. मतं समान पडली तर आपल्याकडे नगराध्यक्षसुद्धा चिठ्ठीनेच ठरतो. न्याय म्हणजे न्याय." कारकुनाने काचेचा वाडगा पुढे केला. त्यात दोन चिठ्ठ्या आधीच घड्या घालून तयार होत्या.

क्रिस सरांनी हात पुढे केला, तोच सोबत आलेल्या पर्पेतुआ मॅडमनी वाडगा ओढून घेतला.

"साहेब, दुसऱ्याने भरलेल्या चिठ्ठ्यांनी मी एकदा चांगली पोळले आहे. सगळ्या जिल्ह्यात त्याची चर्चा झाली, तुमच्याही कानावर आलं असेल. या चिठ्ठ्या मी लिहिणार."

"अहो पण मॅडम..."

"मी नियमाने चालणारी बाई आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे." मॅडमनी वाडग्यातल्या दोन्ही चिठ्ठ्या पर्समध्ये टाकल्या, पाठ फिरवून दोन नव्या लिहिल्या, घड्या घातल्या आणि वाडगा हलवला. क्रिस सरांनी डोळे मिटून एक उचलली. तिच्यावर त्यांचंच नाव होतं.

"ती दुसरी दाखवा बघू!" शिक्षणाधिकारी खुर्चीतून अर्धे उठले.

मॅडमनी ती केव्हाच पर्समध्ये टाकली होती. "दोनांतली एक निघाली की दुसरी कुणाची, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं, साहेब. कुठे सही करायची?"

बाहेर पडल्यावर फाटकाशी एक बाई तांदळाच्या पिठाच्या गोड, गरम बिबिंका विकत होती. मॅडमनी दोन घेतल्या. क्रिस सरांचे पाय अजून जमिनीवर नव्हते.

"मॅडम, काय नशीब! संधी फक्त निम्मी होती!"

मॅडमनी पर्समधून कारकुनाच्या दोन चिठ्ठ्या काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. सरांनी एक उघडली. रेनान्ते. दुसरी उघडली. रेनान्ते. त्यांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. मग हळूहळू त्यांची नजर मॅडमच्या बंद पर्सकडे वळली.

"मॅडम... आणि तुम्ही लिहिलेल्यांतली ती दुसरी?"

पर्पेतुआ मॅडमनी बिबिंकाचा मोठा तुकडा तोडून तोंडात टाकला.

"सर, तुम्ही गणिताचे ना?" त्या म्हणाल्या. "काढा की उत्तर."