मत्स्य निवड उपसमिती

पाथर्डी फाट्याजवळच्या 'गोदाई हाइट्स' या अकरा मजली इमारतीच्या माहितीपत्रकात जलतरण तलाव छापलेला होता. तीन वर्षांनी तो आला. तळ वीतभर लांब, वीतभर रुंद, उंची दोन फूट, चारही बाजूंनी काच. "पाण्याची सोय कबूल केली होती, दिली," असं बिल्डरने कळवलं. कार्यकारिणीने तातडीची सभा घेऊन या वस्तूला मत्स्यालय म्हणून मान्यता दिली आणि त्यात कोणते मासे गुण्यागोविंदाने राहतील हे ठरवायला मत्स्य निवड उपसमिती नेमली. उपसमितीत एकच सदस्य होती, चौथ्या मजल्यावरची भाडेकरू हर्षाली.

हर्षालीला माशांतलं काही कळत नव्हतं. पण तिचा अकरा महिन्यांचा करार महिनाअखेर संपत होता आणि पुढच्या करारासाठी कार्यकारिणीचं ना-हरकत पत्र लागत होतं. घर सुटलं असतं तर तीन वर्षांच्या लेकीची, तेजूची, समोरची बालवाडी सुटली असती. महिनाभर रडून परवापासून कुठे ती दारात हात हलवून, मागे न बघता आत जायला लागली होती. अध्यक्ष लहानूअण्णा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "माशाचं तेवढं उरक, पोरी. तुझ्या पत्राचं त्याच सभेत बघू."

तेजूला कडेवर घेऊन हर्षाली सिडकोत ललितच्या दुकानात गेली. वीस वर्षं मासे विकणाऱ्या ललितने टाकीचा फोटो पाहिला आणि मोबाईल परत दिला.

"ताई, उंचीचा माशाला काय उपयोग? मासा आडवा पोहतो. लिफ्टने वर-खाली करायचंय का त्याला? पाण्याला हवा मिळते ती वरच्या तोंडातून, आणि ते तुमचं वीतभर. उंची कितीही वाढवा, जागा तेवढीच."

"मग कितीजण राहतील?"

"एक. फायटर नर. दिसायला राजबिंडा, खाणं चिमूटभर. टेकायला वरती थोडं शेवाळ तरंगत ठेवा, बास. फक्त एकटा ठेवायचा."

दुपारी तेजू मांडीवर झोपल्यावर, डाव्या हाताने तिला थोपटत, हर्षालीने उजव्या हाताने अहवाल लिहिला. शिफारस एका ओळीची होती.

"एकटा पुरुष?" सभेत लहानूअण्णांनी चष्मा काढला.

"मासा आहे, अण्णा."

"आज एकटा म्हणतो. उद्या मित्र येतील, मोटारसायकली लागतील. नियम चौदा-क. बॅचलर नाय म्हणजे नाय."

"मित्र आले तर तो त्यांना मारून टाकतो," हर्षालीने धीर देण्यासाठी सांगितलं. इतिवृत्तात याची नोंद 'अर्जदाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी' अशी झाली.

"फॅमिली बघ ना गं," सचिव उज्वलाताई म्हणाल्या. "जोडप्याने राहणारं, घरंदाज."

हर्षालीने गप्पीची जोडी सुचवली. दोन महिन्यांत जोडीचे चाळीस होतात, असं ललितचं म्हणणं तिने प्रामाणिकपणे जोडलं. चाळीस हा आकडा एका सदनिकेला शोभणारा नव्हता. मग तिने नुसत्या माद्या सुचवल्या.

"म्हणजे लेडीज हॉस्टेल," उज्वलाताई म्हणाल्या. "नको बाई. गेटवर कोण कोण उभं राहील."

तिसऱ्या सभेत कार्यकारिणीने स्वतःच एंजल मासा काढला. उंच टाकी, उंच मासा. ललितने हात जोडले होते. हा पंजाएवढा वाढतो, वीतभर जागेत वळणार कसा, आणि तोंडात मावेल ते खातो. हर्षालीने तिन्ही हरकती वाचून दाखवल्या. उज्वलाताईंनी फोटोकडे बराच वेळ पाहिलं.

"वळण्याबिळण्याचं सोड. चांगल्या घरातला दिसतो की नाही?"

"पण ताई, तो लहान मासे खातो."

"तो त्यांच्या घरातला प्रश्न," लहानूअण्णा म्हणाले. "सोसायटी त्यात पडत नाय."

एकदा एंजलची जोडी ठरल्यावर बाकीचं आपोआप ठरलं. वरचा भाग जोडप्याला. मधल्या भागात बारा चिमुकले निऑन मासे, म्हणजे मध्यम उत्पन्न गट. तळाला एक सकर मासा, काचेचं शेवाळ खायला. त्याला अट घातली की काम तळाशी असल्याने त्याने विनाकारण वर येऊ नये. सकर पुढे फूटभर होतो, हे हर्षालीने सांगून पाहिलं. मोठा झाला की दुसरा लहान आणू, वॉचमनचं आपण तसंच करतो, असं उत्तर मिळालं. शिवाय इमारत शाकाहारी असल्यामुळे माशांच्या खाण्यातल्या वाळक्या अळ्यांना आवारात बंदी झाली. सर्वांना कणकेचे गोळे.

उद्घाटन शुक्रवारी झालं. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. रविवारपर्यंत कणकेने पाण्याचं ताक झालं. कणकेला कंटाळलेल्या जोडप्याने मधल्या मजल्याकडे लक्ष वळवलं. बुधवारी सकाळी सकर पोट वर करून पाण्यावर तरंगताना दिसला.

"हा वर कसा आला?" लहानूअण्णांनी विचारलं.

पुढच्या शुक्रवारी निऑन एकही उरला नव्हता. हर्षालीने अंतिम अहवालाचा कागद दोनदा फाडला. तिसऱ्यांदा लिहिताना तेजू शेजारी बसून बालवाडीतलं गाणं म्हणत होती. हर्षालीने लिहिलं, 'बारा निऑन सदस्यांनी पूर्वसूचना न देता जागा सोडली. सद्यस्थितीत मत्स्यालयात कोणतीही भांडणं नाहीत.'

कार्यकारिणी खूश झाली. ना-हरकत पत्र त्याच सभेत मिळालं, आणि उपसमितीच्या कामाचा अनुभव लक्षात घेऊन हर्षालीला भाडेकरू निवड उपसमितीवर घेण्यात आलं. पहिला अर्ज दुसऱ्याच दिवशी आला.

सुवर्णा वणीची. शहरातल्या एका रुग्णालयात परिचारिका, वय सव्वीस. हर्षालीच्या समोरचंच बंद घर तिला हवं होतं. ती खाली मत्स्यालयाशेजारी बसली होती, आणि दोन मिनिटांत तिने तेजूच्या चपलेचा सुटलेला पट्टा लावून दिला होता.

"एकट्याच राहणार?" हर्षालीने अर्ज उलगडत विचारलं.

"हो ताई. रात्रपाळी असली की दिवसा झोपणार. माझा आवाजसुद्धा येणार नाही कुणाला." सुवर्णाने काचेत पाहिलं. "एवढ्याशा टाकीत हे दोनच ठेवलेत?"

"पंधरा होते."

"मग बाकीचे?"

"एक मेला. बारा या दोघांनी खाल्ले."

"आणि तरी यांनाच ठेवलंय?"

"जोडपं आहे," हर्षाली म्हणाली.

तेजू सुवर्णाच्या मांडीवर चढायला बघत होती. हर्षालीने तिला अलगद ओढून आपल्या कडेवर घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला, अर्ज गुडघ्यावर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. शेरा काय लिहिला ते सांगत बसण्यात अर्थ नाही. तुमच्या सोसायटीच्या अर्जावर तो छापलेलाच असतो.