फ्लेवियाच्या लग्नाची गाडी

लग्नाची गाडी एक्सरच्या गावठाणात येऊन उभी राहिली, तेव्हा सगळ्यांनी आधी तिच्या पुढच्या फुलांची जाळी बघितली. ह्युबर्टने खाली वाकून टायर बघितले. टायरच्या कारखान्यात उभा जन्म घालवून रिटायर झालेला माणूस नवरीचा बाप असला, तरी दुसरं काय बघणार?

जुन्या मॉडेलच्या त्या गाडीच्या टायरना पांढरे पट्टे होते. ह्युबर्टने त्यावर अंगठा फिरवला. अंगठा पांढरा झाला.

“शेर्विन, हा ऑइलपेंट आहे.”

“लुक आहे तो, अंकल,” गाडी भाड्याने आणणारा पुतण्या म्हणाला.

“खरा पट्टा असा नसतो रे. रबर मुळात पांढरटच. पहिले टायर तसेच यायचे. मग टिकावेत म्हणून त्यात काजळी मिसळायला लागले. जिथे काजळी नाही तिथे...”

“ह्युबर्ट,” त्याची बायको बेटी दारातून म्हणाली, “पोरीचं लग्न आहे. कारखाना बंद कर.”

बेटीने हे व्याख्यान किती बाप्तिस्म्यांना ऐकलं होतं, त्याला गणती नाही. एका मयतालाही ऐकलं होतं. तिथे विषय शवपेटीच्या गाडीवरून निघाला होता.

तेवढ्यात ह्युबर्टला मागच्या टायरच्या कुशीत लिंबाएवढा फुगवटा दिसला. “आतले धागे तुटलेत. हा वाटेत फुटणार,” तो म्हणाला. पण असं तो प्रत्येक गाडीबद्दल म्हणायचा. त्यामुळे सगळे निवांत गाडीत बसले.

देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, अलीकडे भर चौकात टायर फुटला.

ह्युबर्टच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते नवरीच्या बापाला अजिबात शोभणारं नव्हतं. शेर्विनने जॅक लावून चाक काढलं. सूटबूट घातलेला माणूस रस्त्यावर फाटका टायर उलगडून बघतोय म्हटल्यावर चार माणसं जमली. मागे हॉर्न सुरू झाले.

“काका, आत हे कापड कसलं?” एका भाजीवाल्याने विचारलं.

ह्युबर्ट गहिवरला. आयुष्यात त्याला टायरबद्दल कुणी आपणहून प्रश्न विचारला नव्हता.

“हीच टायरची हाडं. नुसतं रबर फुग्यासारखं फुगेल. म्हणून धाग्यांचे थर घालायचे, कडेला तारेचं कडं. हा सगळा कच्चा माल. मग गरम साच्यात टाकायचा, वाफेने दाबायचा. आत गंधक असतं. शिजला की रबर घट्ट होतं आणि नक्षी उठते. थोडक्यात, मोदकच.”

“डॅडी, उशीर होतोय. मम्मी आणि मी रिक्षाने पुढे जातो,” फ्लेविया म्हणाली.

“हो हो, बाय,” ह्युबर्ट मान वर न करता म्हणाला आणि मोदक पुढे चालू ठेवला.

स्टेपनी बसली. ह्युबर्टने मागचं दार उघडलं, तर सीटवर नुसता टिश्यूचा डबा.

“शेर्विन, नवरी कुठे?”

“गेली ना मघाशी. तुम्हीच बाय केलंत.”

पोरीचा हात धरून तिला देवळात न्यायचा दिवस आयुष्यात एकदा येतो, आणि ह्युबर्टने तिला भाजीवाल्यासमोर बाय केलं होतं. काळ्या पँटच्या गुडघ्यांवर पांढरा ऑइलपेंट लागला होता, तो उरलेली वाटभर नखाने खरवडत बसला.

देवळाच्या पायऱ्यांवर नवरदेव फ्लॉयड घामाघूम उभा होता. “अंकल, फ्लेविया कुठे आहे? फादर दोनदा बाहेर येऊन गेले.”

“म्हणजे? ती आली नाही अजून?”

कोपऱ्यावरून बेटी एकटीच तरातरा चालत आली. तिचा अंबाडा सुटला होता. “मला काही विचारू नका,” तिने मागे बोट दाखवलं. “तुझी पोर, तूच आण.”

कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. गाऊन काखेत गोळा करून फ्लेविया मागच्या चाकापाशी उकिडवी बसली होती.

“दादा, ह्याच्यात खाचा राहिल्याच नाहीत. पाणी बाहेर कुठून जाणार? ओल्या रस्त्यावर गाडी पाण्यावर तरंगते, मग ब्रेक मारा नाहीतर प्रार्थना करा, सारखंच.”

“मॅडम,” रिक्षावाला काकुळतीला आला होता, “नवरी तुम्हीच ना?”

ह्युबर्टचे डोळे भरून आले. मागोमाग आलेल्या फ्लॉयडने कपाळावरचा घाम पुसला.

“अंकल,” तो हळूच म्हणाला, “ही असं रोज करते?”

“नाही रे,” ह्युबर्टने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “पावसाळ्यात जरा जास्त.”