पार्श्वभूमी अपुरी

उंचीच्या जोरावर माणूस बास्केटबॉलच्या संघात शिरतो. मैदानात मात्र तो पार्श्वभूमीच्या जोरावर उतरतो. हे सत्य त्या कॉलेजाने फार पूर्वी ओळखलं आणि ओळखून गप्प न बसता त्याचा नियम केला. वर्षातल्या शेवटच्या सामन्याआधी पाच खेळाडूंचा जीवनपरिचय लाउडस्पीकरवरून वाचला जाई आणि ज्यांचा वाचला जाई, तेच पाच मैदानात उतरत. परिचय तीन मिनिटांचा. त्यात कारकीर्द एक मिनिट, हालअपेष्टा दोन. (उलट प्रमाण एकदा करून पाहिलं होतं. प्रेक्षक चहाला निघून गेले.)

गेल्या दहा वर्षांची आकडेवारी बोलकी आहे. परिचय झालेल्या पन्नास खेळाडूंपैकी एकवीस जण रस्त्याच्या दिव्याखाली शिकले, सतरा जण अनवाणी वाढले आणि अकरा जणांनी कागदाच्या बोळ्याने सराव केला. उरलेला एक सुखवस्तू घरातला निघाला. त्याची चौकशी अजून चालू आहे.

अशा वातावरणात शिडीचं कठीण होतं. शिडी म्हणजे शेवटच्या वर्षाचा एक मुलगा. घरातला माळा, पंखे आणि जळमटं ही खाती त्याच्याकडे असल्यामुळे हे नाव पडलेलं. आई-वडील प्रेमळ, निवृत्त आणि दुपारी झोपणारे. त्याला लहानपणी वेळेवर दूध मिळालं, वेळेवर बूट मिळाले. बूट चावले तेव्हा दुसरे मिळाले. कारकीर्द म्हणाल तर तीन वर्षं, एकतीस सामने, मैदानावर एकूण अकरा मिनिटं. बाकीचा वेळ त्याने बाकावर बसून संघाच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या, आणि एकही हरवू दिली नाही. आता हा शेवटचा सामना. यात बसला, तर कायमचा बसला.

अर्ज भरायचं काम अर्थातच ताईकडे आलं. ताई त्याची दहा वर्षांनी मोठी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची, आणि घरातल्या ज्या कामाला कोणी वाली नसे, ते तिच्याकडे आपल्या पायांनी चालत येई. तिला दिवसातून चाळीस मिनिटं मोकळी मिळत : लेक झोपल्यापासून लेक उठेपर्यंत. ओट्याच्या कडेला कागद ठेवून तिने उभ्याउभ्याच खरं ते लिहिलं. खेळाडूला हा खेळ मोठ्या बहिणीने शिकवला. ती याच कॉलेजात संघनायक होती. गच्चीच्या कठड्याला बूड काढलेली बादली बांधून ती त्याच्याकडून रोज दोनशे नेम मारून घेई. लिहिता लिहिता तिचा हात भरधाव सुटला. डाव्या हाताने चेंडू कसा खेळवायचा, उडी मारल्यावर नजर कुठे ठेवायची, समोरच्याला डावीकडे बघून उजवीकडे कसं फसवायचं. पान भरलं. घरात टाचणी पडेल तर ऐकू येईल अशी शांतता होती. टाचणीऐवजी चमचा पडला. आतून "आई" अशी हाक आली, आणि खेळाडूची पार्श्वभूमी तिथेच संपली.

तिसऱ्या दिवशी अर्ज शेरा मारून परत आला : "पार्श्वभूमी अपुरी. बहीण सध्या काय करते?"

ताई लेकीला कडेवर घेऊन क्रीडा कार्यालयात गेली. तिथले कारकूनकाका तिच्याच काळातले, सज्जन. त्यांनी लेकीला खेळायला शिट्टी दिली. (आतली गोटी आधी काढून घेतली.)

"बस गं. काय करतेस सध्या?"

"घरी असते, काका."

"तेच ना. घरी असते. आता मला सांग, यावर रडणार कोण?"

"कधीकधी मीच रडते."

"तुझं धरत नाहीत. प्रेक्षकांचं धरतात." काकांनी अर्ज तिच्यापुढे सरकवला. "हे बघ. हयात नातेवाइकांचा इथे फक्त आकडा घालायचा. दिवंगतांना सहा ओळी आहेत. नियम काही मी केले नाहीत."

ताईने त्या सहा ओळींकडे पाहिलं. लांबलचक, सुबक, कोऱ्या. इतकी ऐसपैस जागा तिला बऱ्याच वर्षांत कुणी दिली नव्हती.

"मग वारली म्हणून लिहू?"

"मला कमी ऐकू येतं," असं म्हणून काकांनी पेन पुढे केलं.

तिने लिहिलं. खेळाडूची पहिली गुरू, त्याची मोठी बहीण, हिचं ऐन उमेदीत निधन. अर्ज तासाभरात मंजूर झाला. संध्याकाळी शिडीचा फोन आला.

"ताई, घेतलं मला. असं लिहिलंस तरी काय?"

"काही नाही रे. थोडी काटछाट केली."

अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नियम नऊ होता : परिचयात निधन असल्यास एक मिनिट उभं राहून श्रद्धांजली. कडेवर मूल असलेली बाई अर्जाची मागची बाजू वाचत नाही.

सामन्याच्या दिवशी लाउडस्पीकरने सहाही ओळी जड आवाजात वाचल्या आणि सहाशे प्रेक्षक उभे राहिले. ताईही उभी राहिली. सगळे उभे असताना आपण बसणं बरं दिसत नाही, आणि गेलेल्या माणसाचा थोडा मान राखावाच लागतो. मैदानाच्या मधोमध शिडीने मान खाली घातली. प्रेक्षकांत उभ्या असलेल्या बहिणीकडे बघायची त्याची छाती होत नव्हती. लोकांना ते दुःख वाटलं.

शेजारच्या बाईंनी पदराने डोळे टिपले. "कशी गुणी पोर असेल हो. आज असती तर?"

"इथेच कुठेतरी बसली असती," ताई कुजबुजली.

"तुम्ही ओळखत होतात?"

"शाळेपासून."

बाईंनी तिचा हात घट्ट दाबला. आत्तापर्यंत ज्या वाचकांना त्या मुलीबद्दल काहीच वाटलं नसेल, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. ती जिवंत होती. जिवंत माणसासाठी उभं राहायची पद्धत कुठेच नाही.

मिनिट संपायला वीस सेकंद होते. लेकीने तिची बाही ओढली.

"आई, मामाला आणखी एक ताई होती?"

"शू."

"ती खेळायची?"

"हो."

"छान?"

"हो गं. छान."

लेकीने थोडा विचार केला.

"मग ती कशाने मेली?"