उष्टी हवा

त्या आठ मजली इमारतीतल्या हवेची संपूर्ण जबाबदारी एका गृहस्थांवर होती. त्यांचं पदनाम 'सहायक व्यवस्थापक (वायुवीजन)' असं भारदस्त होतं, पण सगळे त्यांना हवासाहेब म्हणत. इमारतीच्या खिडक्या बघायला होत्या, उघडायला नव्हत्या. त्यामुळे आत बसलेल्या प्रत्येकाचा श्वास हवासाहेबांच्या यंत्रातून येई आणि त्यांच्याच यंत्रात परत जाई. एवढी सत्ता हातात असलेला हा माणूस तळघरात, पाण्याच्या पंपांशेजारी बसायचा. गुदमरायला लागल्याशिवाय लोकांना त्यांची आठवण होत नसे. हवेचंही तसंच असतं, अशी ते स्वतःची समजूत घालत.

त्यांची बायको त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, हिशेब विभागात होती. तिला कोरडा खोकला लागला होता.

"अहो, घरी आलं की थांबतो हा," ती म्हणाली. "तुमच्या हवेतच काहीतरी आहे."

"हवेत काही नाही. फिल्टर तुंबलेत."

"मग बदला."

"बदला काय? मंजुरी लागते."

"मग मागा. जगाला हवा पुरवता आणि बायकोला खोकला?"

हे त्यांना लागलं. आठव्या मजल्यावर होणाऱ्या संचालकांच्या पुढच्या बैठकीत त्यांनी वेळ मागून घेतला. बोलायचं वाक्य एकच होतं: फिल्टर तुंबलेत, नवे द्या. जिना चढताना ते त्यांनी घोकलंही. पण बैठकीतली खुर्ची मऊ निघाली, चहा बशीसकट आला आणि संचालकांनी आपुलकीने विचारलं, "तुमचं नेमकं काम काय असतं हो?"

एवढ्या नोकरीत हे कोणी विचारलं नव्हतं. बिचारा माणूस फुलला. बाहेरची हवा गार करायला वीज फार लागते, म्हणून आतलीच हवा ओढून घेतात, फिल्टरमधून गाळतात, तीत थोडी ताजी मिसळतात आणि गार करून पुन्हा सगळीकडे सोडतात, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं.

"थोडक्यात, तीच हवा फिरत राहते साहेब. सगळ्या मजल्यांची एकत्र."

संचालकांनी कप खाली ठेवला. "एकत्र म्हणजे?"

"म्हणजे समजा, तिसऱ्या मजल्यावर कोणी श्वास सोडला, तर तो फिरत फिरत येतो."

"कुठे येतो?"

"इथे, साहेब."

बैठकीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास रोखला. मग संचालक हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही उष्टी हवा घेतोय?"

जगातली सगळीच हवा उष्टी असते, ती राजाच्या नाकातून आलेली असते तशी म्हशीच्याही, हे उत्तर हवासाहेबांना सुचलं, पण जिन्यात उतरताना. त्यांची चांगली वाक्यं त्यांना नेहमी जिन्यातच सुचत. बैठकीत ते म्हणाले, "एका अर्थाने, हो." फिल्टरचं राहूनच गेलं.

आठवडाभरात 'श्रेणीनिहाय वायुवितरण धोरण' तयार करण्याचा आदेश निघाला आणि तो तज्ज्ञ म्हणून हवासाहेबांच्याच गळ्यात पडला. त्यांना ते पटलं नव्हतं. पण न पटलेलं काम मन लावून करायची त्यांना सवय होती, आणि धोरण इतकं सुबक उतरलं की वाचताना त्यांना स्वतःचाच हेवा वाटला. आठव्या मजल्याला स्वतंत्र यंत्र आणि उत्तम प्रतीचे फिल्टर. ते जुने झाले की सातव्याला, मग सहाव्याला, असे सन्मानाने उतरत यायचे. साहेबांचे सोफे नाही का खाली येत?

"मिळाले का फिल्टर?" बायकोने विचारलं.

"मिळतील. वरून येतायत."

"वरून म्हणजे नवे?"

"म्हणजे वापरून."

ती खोकली. तो खोकला होता की उत्तर होतं, हे त्यांना कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

पण शुद्धतेचं एक असतं, ती एकदा सुरू झाली की कुठे थांबायचं हे तिला ठाऊक नसतं. एका सकाळी उपसंचालक शिंकले आणि संचालकांच्या लक्षात आलं की आठव्या मजल्यावरही हवा सामाईकच आहे. लगेच प्रत्येक केबिनची हवा वेगळी करण्यात आली. दारांना रबराच्या पट्ट्या बसल्या. छतातल्या ज्या झडपांतून एकाची हवा दुसऱ्याकडे जाई, त्या कायमच्या मिटल्या. मग उरला तो बाहेरची ताजी हवा आत घेणारा झरोका.

"बाहेर तर कोण कोण असतं," संचालक म्हणाले. तो झरोकाही बुजवला.

आता प्रत्येक अधिकाऱ्याला निव्वळ स्वतःचा श्वास, उत्तम गाळून, परत मिळू लागला. फिल्टर धूळ अडवतो, पण छातीतून निघालेला कर्बवायू अडवत नाही, हे हवासाहेबांना पक्कं माहीत होतं. त्यांनी ते एकदा, अगदी बेताच्या आवाजात, सांगितलंही.

"माझ्या श्वासात वाईट काय आहे?" संचालकांनी विचारलं.

या प्रश्नाला उत्तर देणारा कर्मचारी अजून कुठल्याच आस्थापनेत जन्मलेला नाही.

दुपार झाली की आठव्या मजल्यावर डोकी दुखू लागत, डोळे मिटू लागत. सह्या कागदावरून घसरून टेबलावर जात. या काळात घेतलेल्या निर्णयांची आधीच्या निर्णयांशी तुलना करण्यात आली. दर्जात काहीही फरक आढळला नाही.

योजना यशस्वी झाल्याबद्दल हवासाहेबांना बढती मिळाली आणि आठव्या मजल्यावर एक हवाबंद केबिनही. नकार द्यायचा, असं त्यांनी आरशासमोर ठरवलं होतं. वाक्यही झकास जमलं होतं. मग ते वर गेले आणि केबिनमध्ये बसले.

बायको बघायला आली. तिच्यामागे दार फुस्स करून मिटलं. ती जरा वेळ उभी राहिली, मग नाक मुरडून म्हणाली, "तुमचाच वास येतोय."

"स्वतंत्र व्यवस्था आहे ना," ते म्हणाले. आपण हे अभिमानाने म्हणालो, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

तिकडे तिसऱ्या मजल्यावर, पाच मजले फिरून आलेले फिल्टर गोधडीसारखे झाले होते. एका दुपारी बायकोला खोकल्याची अशी उबळ आली की तिचं तोंड लाल झालं. तिच्या शेजारच्या टेबलावर आवक-जावकवाले काका बसत. कधी कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. ते उठले, पाकिटं फोडायची सुरी घेतली आणि खिडकीचे स्क्रू काढायला लागले. कोणी अडवलं नाही. खिडकी करकरली आणि उघडली. धूळ आली, हॉर्न आले, समोरच्या छापखान्यातल्या शाईचा वास आला. पण वाराही आला. बायकोने खिडकीशी उभं राहून पोटभर श्वास घेतला. दोन-चार दिवसांत तिचा खोकला उतरला.

बातमी वर पोचायला वेळ लागला नाही. ज्यांना तिसरा मजला कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं, ते अधिकारी हिशेब तपासायला जातीने येऊ लागले. तपासणी नेमकी खिडकीपाशी चाले. हवासाहेबही रोज दुपारी बायकोच्या खुर्चीमागे उभे राहत. तिथे त्यांचं डोकं हलकं झालं आणि त्यात एक जुनी भावना परत आली. वरच्या केबिनमध्ये ती इतके दिवस कुठे गेली होती, याचं त्यांना नवल वाटलं. बहुधा लाज वाटायलाही प्राणवायू लागत असावा.

"आता बोलणार आहे मी," ते बायकोला म्हणाले. "हे सगळं मोडायचं. सगळ्यांची हवा एक, फिल्टर नवे, खिडक्या उघड्या."

"बोला. पण या वेळी चहा घेऊ नका."

आणि ते खरंच बोलले. संचालक खिडकीत डोळे मिटून उभे असताना, सगळ्या हॉलसमोर, एकही वाक्य जिन्यासाठी न राखता बोलले. आवाज शेवटपर्यंत टिकला. संचालकांनी डोळे उघडले. पुरेशी हवा मिळालेला माणूस किती समजूतदार होतो, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

"मलाही तेच वाटत होतं," ते म्हणाले. "सगळ्यांची हवा एक. उद्यापासूनच."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं तिने लग्नानंतर एखाददोनदाच पाहिलं होतं.

टाळ्या थांबल्यावर आवक-जावकवाले काका खाकरले. "साहेब, एक बारीकशी विनंती होती."

"बोला ना."

"हवा एक, हे योग्यच झालं. फक्त सफाईची कंत्राटी माणसं दुपारी डबा खायला याच हॉलमध्ये बसतात. इतके दिवस काही वाटलं नाही. पण आता हवा चांगली झालीय ना."

सगळे खिडकीबाहेर बघू लागले. हवासाहेबांनी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं. तिने रुमालाची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"माझं तसं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "पण खोकला आत्ताच कुठे बरा झालाय."

संचालकांनी हवासाहेबांकडे वळून विचारलं, "इथे काचेचं पार्टिशन बसेल का हो?"

हवासाहेबांनी हॉलची रुंदी नजरेने मोजली. छातीत ताजी हवा होती, डोकं लख्ख चालत होतं, लाजही जागेवर होती.

"बसेल, साहेब," ते म्हणाले.

पार्टिशनचं काम सध्या चालू आहे. ते पुरं होईपर्यंत हे वाचणाऱ्यांनी, बसला असाल तिथेच, एक दीर्घ श्वास घ्यावा. घेतलात? छान. आणि घेण्याआधी शेजारी कोण बसलंय ते बघून घेतलंत, त्याचंही काही वाटून घेऊ नका.