देवरावजींची मुदत

देवरावजींना वेळ सांगायची सोय नाही. आमच्याकडच्या बारशाचं आमंत्रण द्यायला गेलो आणि "सकाळी अकराला या" म्हणालो, तर तंबाखूचा खर्रा गालात सरकवत त्यांनी गंभीरपणे विचारलं, "पावसाळा धरून का सोडून?"

बारसं एप्रिलात होतं!

पण त्यांचाही इलाज नाही. रस्त्याच्या कंत्राटात कामाची मुदत पावसाळा धरून की वगळून, हे आधी ठरतं, आणि देवरावजींचं सगळं आयुष्य ठेकेदाराकडे सुपरवायझरकी करण्यात गेलेलं. पिपरी मेघे या आमच्या गावात ते आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. बायको वारली, एकुलती एक वैशू लग्न होऊन आर्वीला गेली. घरात ते आणि त्यांचे नियम.

एकदा माझ्या बायकोनं त्यांना बाजारातून सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणायला सांगितला. देवरावजी प्लास्टिकची बादली घेऊन आले.

"वहिनी, कामात बदल झाला. बादली चांगली दिसली."

"आणि सांबार?"

"त्याले मुदतवाढ."

त्यांच्या घराला बाहेरून जिना आहे, पण वर मजलाच नाही. विचारलं तर म्हणतात, "डिझाइन बदललं, जिना अगोदर झालता." त्या जिन्यावर ते मिरच्या वाळवतात आणि संध्याकाळी स्वतः बसतात.

त्यांच्याकडे काम होतं आमच्याकडून आर्वीला जाणाऱ्या रस्त्याचं. सुरू झालं तेव्हा तो डांबरी व्हायचा होता. अर्धी खडी पडल्यावर आदेश आला, सिमेंटचा करा. मग नाल्यावरच्या मोरीचं, म्हणजे छोट्या पुलाचं, डिझाइन बदललं. मग विजेचे खांब हलेनात. खांब हलले, तर कडुलिंबाच्या झाडांची परवानगी येईना. दर वेळी कंत्राटात दुरुस्ती आणि दर दुरुस्तीला मुदतवाढ. चहाच्या टपरीवर लोक त्यांना धारेवर धरत. देवरावजी मात्र थंड. "होते बाप्पा! रस्ता कुठी पळून जाते का?" असं म्हणून आणखी एक कट चहा मागवत.

यंदा वैशूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. पण व्याही अडून बसले. "घरात बाईमाणूस नाई, अन् रस्त्यात हे खड्डे. सुनेले कशी पाठवू?"

"बाईमाणूस मी आहे," असं माझ्या बायकोनं परस्पर जाहीर केलं. उरला रस्ता.

आणि मग जन्मात कुणाला तारीख न देणाऱ्या माणसानं शब्द दिला, दिवाळीच्या आत रस्ता करतो. व्याही शांतपणे म्हणाले, "पावसाळा धरून का सोडून?" आम्ही सगळे खो खो हसलो. देवरावजी हसले नाहीत.

त्या दिवसापासून माणूस पार बदलला. सकाळी डबा न घेताच साइटवर पळायचे. इंजिनिअरला फोन, वीजवाल्यांना फोन, सिमेंटच्या गाडीला फोन. रस्ता खरंच पुढे सरकू लागला. आणि दिवाळी तोंडावर आली असताना त्या मोरीचं डिझाइन पुन्हा बदलून आलं. बाकी रस्ता तयार, पण मोरीजवळ शेतातून काढलेला कच्चा वळणरस्ता तसाच राहिला.

संध्याकाळी देवरावजी जिन्यावर बसले होते. मी शेजारी बसलो तर म्हणाले, "भाऊ, तिची माय असती तर पायी जाऊन घेऊन आली असती. माह्याच्यानं एक रस्ता नाई झाला."

मी उठलो. बायकोला बोलवलं. तिनं थेट विहीणबाईंना फोन लावला. बायकांचं आपसात काय ठरलं ते आम्हाला कळलं नाही, पण "हळू आणा" एवढ्या अटीवर परवानगी मिळाली.

वैशूला आणायला मीच गाडी घेऊन आर्वीला गेलो. देवरावजी आले नाहीत. साइटवर काम आहे म्हणाले. मला तेव्हा रागच आला.

परत येताना मोरीपाशी पोचलो, तर दोन्ही बाजूंची वाहनं थांबवलेली. कच्च्या वाटेवर टँकरनं पाणी मारलेलं, वरून रोलर फिरवलेला, धुळीचा कण उडत नव्हता. मध्ये लाल झेंडी घेऊन देवरावजी उभे. त्यांनी आम्हाला हात केला आणि गाडीपुढे चालू लागले. खड्डा आला की झेंडी आडवी, मी थांबायचो. ते पायानं चाचपून बघायचे, मग पुढे.

"बाबा, गाडीत बसा ना," वैशूनं काचेतून हाक मारली.

"तू चूप बस. मी रस्ता पाहून राह्यलो."

मागे एसटी, सोयाबीनचे ट्रॅक्टर, सगळ्यांचे हॉर्न सुरू. एसटीचा ड्रायव्हर डोकं बाहेर काढून ओरडला, "काय हाये जी समोर? मंत्री हाये का?"

देवरावजींनी मागे वळूनही पाहिलं नाही. "पोरगी हाये!"

हॉर्न थांबले.

कच्ची वाट संपली. नवं गुळगुळीत सिमेंट लागलं. आता एकही खड्डा नव्हता, तरी देवरावजी झेंडी धरून पुढे चालतच राहिले. त्यांना सांगावं म्हणून मी हॉर्नकडे हात नेला.

"काका, हॉर्न नोका मारू," मागून वैशू म्हणाली. "चालू द्या त्याईले."