जनार्दनपंतांच्या पहिल्या रोलाची हकीकत

श्री. जो प्रकाश काळोख्या पेटीत क्षणमात्र शिरतो आणि रूप होऊन राहतो, त्यास प्रथम नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, माघमासी, एका दौलतीत जे वर्तमान घडले ते घडले तैसे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. दौलतीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तीन खोल्या, एक सज्जा आणि एक मुदपाकखाना, इतकाच मुलूख. मुलुखाचे धनी राजश्री जनार्दनपंत लेले, आणि कारभार समस्त त्यांच्या कुटुंबाकडे, शैलजाबाईसाहेबांकडे.

पंतांस फिल्मच्या कॅमेऱ्यांचा नाद बहुत. ते समयी सातासमुद्रापलीकडील एका कारखान्याने रेंजफाइंडर जातीचा कॅमेरा काढिला, आणि तीनशेच नग घडवून साचा मोडून टाकिला, ऐसी बातमी पंतांस लागली, आणि मग पंतांस अन्न गोड लागेना. चहा पुढे येई आणि निवून जाई. मग ओळखी लाविल्या, आर्जवे केली, आणि एक नग पदरी पडला. टपालाचा जासूद पेटी घेऊन दारी आला तेव्हा पंतांनी खासा आपले हाते त्यास पेढा दिला. जासूद म्हणाला, "नातू झाला का काका?" पंत बोलिले, "तसेच समज."

कॅमेऱ्याचे अंग पितळी, वर हिरवे कातडे, माथ्यावर एकशे सतरा हा अंक कोरलेला, आणि भिंगावर जे धातूचे टोपण, त्यावरही तोच अंक. या जातीचा गुण ऐसा की, पाहावयाची खिडकी निराळी आणि फोटो घेणारे भिंग निराळे. खिडकीस डोळा लाविला असता माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, एक ठळक आणि एक पुसट. मग भिंगाचे कडे फिरवीत जावे, आणि दोन्ही एकीवर एक बसल्या की नेमके साधले. पंत दिवसभर कडे फिरवीत. दोन तांब्यांचा एक तांब्या करीत, शेजारच्या दोन मांजरांचे एक मांजर करीत, आणि दर वेळी नवीनच नवल वाटून आपल्याशी हसत. त्यांचे स्नेही दामाजीपंत केळुसकर, ज्यांच्या कपाटात ऐसे कॅमेरे मोहोरबंद पेट्यांत निजलेले असत, ते दर्शनास आले आणि म्हणाले, "पंत, फिल्म घालू नका. बोट लागले की वस्तू गेली." पंत बोलिले, "दामाजी, तुझे कॅमेरे बिचारे जन्मले तसे आंधळेच जाणार."

हे ऐकून शैलजाबाईसाहेब मुदपाकखान्यातून बाहेर येत्या झाल्या आणि म्हणाल्या, "अहो, डोळस कॅमेऱ्यांनी तरी काय पाहिले? तीस वर्षे दारांचे फोटो, कुलपांचे फोटो, ओल्या भिंतींचे फोटो. माझा एक धड नाही. एकात आहे मी, पाठमोरी, आणि तोही म्हशीचा फोटो होता." मग बाईसाहेबांनी तह सांगितला: "आम्ही पाचही बहिणी या महिन्यात इथे जमतोय. अक्का पुढल्या महिन्यात लेकाकडे परदेशी निघाली, ती कायमची. पुन्हा पाचजणी एका ठिकाणी दिसू, न दिसू. तेव्हा पहिला रोल आमचा. साधला तर कॅमेरा या घरात राहील. नाही साधला तर दामाजीभावोजींच्या कपाटात जाईल." दामाजीपंतांचे मुख उजळले. पंतांनी तह कबूल केला.

मग नेमल्या दिवशी चार सुभ्यांहून चौघी भगिनी दाखल झाल्या. सर्वांत थोरल्या वत्सलाअक्का गुडघ्यास पट्टा बांधून आल्या, सर्वांत धाकटी नलू हसतच आली, आणि दौलतीत इतका गलबला जाहला की कुकरची शिट्टी कोणास ऐकू येईना. सकाळचे ऊन सज्ज्यात आले तेव्हा पंतांनी पाचांस तेथे बैसविले. शैलजाबाईंनी फोटोत बरे दिसावे म्हणोन चष्मा काढून ठेविला. आणि पंतांनी खिडकीस डोळा लाविला, आणि दहा बहिणींच्या पाच बहिणी केल्या, आणि कळ दाबिली, आणि पुन्हा दाबिली; कधी उभे राहून, कधी गुडघ्यावर बसून, कधी मोरीच्या पायरीवर चढून, रोल सरेतो थांबले नाहीत. भगिनी फार शहाण्यासारख्या बसल्या. एरवी ज्या एकमेकींस वाक्य पुरे करू देत नाहीत, त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पंतांस वाटले, हा कॅमेऱ्याचा दबदबा.

दुपारी जेवणे झाल्यावर पंतांनी न्हाणीघराचे झरोके झाकून तेथे रोल धुतला, आणि धुऊन उजेडात धरिला, तो फिल्म काचेसारखी कोरी. कडेचे अंक तेवढे उमटलेले, मधे कोणी नाही; अक्का नाही, नलू नाही, कुटुंब नाही. मग कॅमेरा पाहिला, तो भिंगावर टोपण जसेच्या तसे. खिडकी निराळी असल्याकारणे पाहणारास सर्व लख्ख दिसले आणि भिंगास काही दिसले नाही. पंतांच्या मनात आले की, फिल्मच सडकी निघाली म्हणोन सांगावे. कोण तपासणार आहे. मग भिंतीपलीकडून अक्कांचे बोलणे कानी आले, "शैला, त्यातला एक मोठा करून दे गं. तिकडे उशाशी ठेवीन." ते ऐकून पंतांनी ओली फिल्म हाती घेतली आणि बाहेर येऊन पाचांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "एकही आला नाही. टोपण काढायचे राहिले. चूक माझी."

मग नलूने पदर तोंडास लाविला आणि म्हणाली, "भाऊजी, मला दिसत होते."

"मलाही," मधली मंगल म्हणाली. "मला वाटले हल्ली टोपणातून निघत असतील. महागाची वस्तू."

शैलजाबाई म्हणाल्या, "दिसत होते? मग बोलला का नाहीत? माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, तुमच्या तोंडांना काय झाले होते?"

तेव्हा अक्कांनी गुडघा चोळीत निवाडा सांगितला. "आपल्या आबांचा कायदा विसरलीस? जावयाच्या कामात बोट घालायचे नाही. जावयाने सदरा उलटा घातला तरी छान दिसतो म्हणायचे. मी डोळ्यांनी खुणावले हो जनार्दनरावांना, पण ते म्हणाले, अक्का, डोळे मिचकावू नका."

यावर हास्याचा ऐसा लोट उसळला की सज्ज्यातील कबुतरे उडाली. शैलजाबाईंस राग धरवेना. त्या म्हणाल्या, "आजपासून आबांचा कायदा रद्द. जावयास वाटेल ते बोलावे. आणि अहो, दुसरा रोल आहे ना? की म्हशींसाठी राखून ठेवलाय?"

अक्कांची गाडी दारी यावयाची होती आणि ऊन सज्ज्याच्या कठड्यावरून उतरू लागले होते. पंतांनी धावपळीने रोल भरिला, टोपण काढून कुटुंबाच्या हाती दिले, आणि कडे फिरविले. शेवटी दोन अक्कांची एक अक्का जाहली. शैलजाबाईंनी या खेपेस चष्मा काढिला नाही. कळ दाबणार इतक्यात नलू गंभीरपणे म्हणाली, "भाऊजी, टोपण." पंत दचकले, आणि बोट कळेवर पडले, आणि फोटो निघाला.

तो फोटो आज दिवाणखान्यात आहे, आणि दुसरी प्रत परमुलुखी अक्कांच्या उशाशी आहे. नलू लोळते आहे, मंगलच्या अंबाड्याची पिन सुटली आहे, अक्का डोळे पुसताहेत, आणि मधोमध चष्मा लावून शैलजाबाईसाहेब एकशे सतरा अंकाचे टोपण मोहोर दाखवावी तैसे उंच धरून हसताहेत. असा फोटो पंतांनी जन्मात काढिला नव्हता.

मागाहून दामाजीपंत आले आणि म्हणाले, "टोपण कोठे आहे? अंकाचे टोपण नसेल तर निम्मे मोल गेले." बाईसाहेब म्हणाल्या, "हिंगाच्या डबीचे झाकण कधीचे हरवले होते. अगदी घट्ट बसले." दामाजीपंत मटकन खाली बसले, त्यांस पाणी देण्यात आले.

येणेप्रमाणे पहिला रोल कोरा गेला, तह दुसऱ्यावर निभावला, आणि कॅमेरा दौलतीत राहिला. पंत अद्याप रोज त्याचे कडे फिरवितात आणि हसतात. मात्र कोणाचाही फोटो घेण्यापूर्वी आधी मुदपाकखान्यात जाऊन हिंगाची डबी पाहून येतात. टोपण तेथे असले म्हणजे खातरजमा होते. वर्तमान इतकेच.