मनातलं आणि कानातलं

दार उघडंच होतं आणि आजोबा पलंगाखाली होते. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते.

"आत येऊ का?" समाजसेविकेने विचारलं. उत्तर आलं नाही. ती नोकरीत नवीच होती. दिवसभर घरी एकटे असणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जाऊन दहा प्रश्नांचा तक्ता भरायचा. तक्ता संशोधनातून पारखलेला, त्यामुळे एक शब्दही बदलायचा नाही. शिवाय साहेबांनी बजावलं होतं, "प्रत्येक घराची रीत वेगळी. ते बसतील तिथं बसा. चेहऱ्यावर आश्चर्य दिसता कामा नये."

तिने चपला काढल्या, ओढणी खोचली आणि निमूटपणे पलंगाखाली शिरली. परकी बाई आपणहून मदतीला आलेली पाहून आजोबांना भरून आलं.

"गेल्या आठवड्यात एकटं वाटलं का?"

"कपाटाखाली पाहिलं. तिथं नाही."

तिने 'उत्तर टाळतात' असं लिहिलं. "मनातलं कुणाशी बोलता?"

"हो, कानातलंच. सकाळपासून सापडत नाहीये."

ती त्यांच्या जवळ सरकली. "आजींचं होतं?" तिने जोरात विचारलं.

"छे, माझंच. आंघोळीला तेवढं काढतो."

तिने आश्चर्य गिळलं. "तुम्हाला शोभत असेल," ती म्हणाली आणि मन लावून शोधू लागली.

तेवढ्यात सून कामावरून आली. पलंगाखालून चार पाय बाहेर आलेले.

"कानातलं हरवलंय," आतून बाईचा आवाज आला.

सुनेने आपले कान चाचपले. उजवा रिकामा होता. पर्स टाकून तीही आत घुसली. तीन डोकी एकमेकांवर आपटली आणि आजोबांच्या खिशात शिट्टी वाजली. सुनेने तिथून श्रवणयंत्र काढून त्यांच्या कानात बसवलं. तिचा डूल दारातच पडला होता.

कपाळं चोळत, हसत सगळे बाहेर आले. तक्ता पुन्हा पहिल्यापासून भरला. या खेपेला आजोबांची उत्तरं इतकी खणखणीत, की एकटेपणा शून्य भरला.

"छान. म्हणजे आता मला यायची गरज नाही," ती म्हणाली. म्हणताना तिलाच वाईट वाटलं.

आजोबांचा चेहरा उतरला. मग ते सावरून बसले.

"ताई, मी जन्मभर दुकानांतले तराजू तपासले. धक्का लागलेल्या तराजूचं वजन कधी धरलं नाही. तीन माणसं पलंगाखाली शिरली त्या दिवसाचं माप तुम्ही धरणार?"

तिने विचार केला. शास्त्राच्या दृष्टीने मुद्दा बिनतोड होता. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं, 'पुढल्या मंगळवारी माप पुन्हा घ्यावं.'

आजोबांनी चष्मा लावून ते वाचलं.

"एकदाच?" ते म्हणाले. "आम्ही निदान सहा वेळा घ्यायचो."